वर्गासाठी पीपीटी सजवताय? मग एवढं कराच

सर, मॅडम, उद्या प्रकाशसंश्लेषण शिकवायचंय ना, मग पुस्तक-बिस्तक नंतर बघू, आधी पॉवरपॉइंट उघडा आणि डिझाइनच्या टॅबमध्ये घुसा. थीम निवडण्यात संध्याकाळ गेली तर जाऊ द्या, धडा काय, वर्गात उभं राहिलं की आठवतोच.

झाडांचा विषय म्हणजे बॅकग्राउंड गडद हिरवं, आणि त्यावर अक्षरं लालभडक. लाल-हिरव्यातला फरक न दिसणारं एखादं पोर वर्गात असतंच बऱ्याचदा, त्यानं शेजारच्याच्या वहीतून उतरवून घ्यावं, तेवढीच दोस्ती वाढते.

व्ह्यूमध्ये स्लाइड मास्टर म्हणून एक प्रकार आहे, तिकडे फिरकूच नका. तिथे एकदा फॉन्ट बदलला की सगळीकडे आपोआप बदलतो, मग कष्ट केल्यासारखं वाटणार कसं? आपण एकेक बॉक्स हातानं सिलेक्ट करून बदलायचा, आणि मध्येच कंटाळून सोडून दिलं तर उरलेल्या स्लाइड जुन्या फॉन्टमध्ये राहतात, त्याला व्हरायटी म्हणतात.

फॉन्टसुद्धा घरच्या लॅपटॉपवर हौसेनं टाकलेला, जुना, युनिकोड नसलेलाच घ्या. फाइलमध्येच फॉन्ट बसवायची एक टिक सेव्हच्या ऑप्शन्समध्ये असते पण उगाच फाइल जड कशाला करा. वर्गातल्या कम्प्युटरवर 'हरितद्रव्य' उघडलं की कंस, टक्के आणि इंग्रजी अक्षरांची अशी काही खिचडी दिसते की मागच्या बाकावरची मंडळीसुद्धा मान वर करून वाचायला लागतात!

आता अ‍ॅनिमेशन, इथे हात आखडता घ्यायचा नाही. कार्बन डायऑक्साइडचे ६ रेणू डावीकडून उड्या मारत येतील, एका क्लिकला एक. मग पाण्याचे ६, गिरक्या घेत. मग बाण. मग ग्लुकोजचा १ आणि ऑक्सिजनचे ६, म्हणजे एकूण २० क्लिक, आणि समीकरण पुरं झालं म्हणून तुम्ही वळून बघता तोवर एक कार्टी विचारते, सर सूर्यप्रकाश कुठंय? तो पुढच्या स्लाइडवर आहे गं, पडदा उघडतानाचं ट्रान्झिशन लावलंय त्याला, थांब जरा.

आणि कुणी म्हणालं की तीन नंबरची स्लाइड परत दाखवा, तर ३ दाबून एंटर मारायचं नाही हं, ते फारच सोपं झालं. एस्केप दाबून बाहेर या, डेस्कटॉपवरचं 'फायनल', 'नवीन फायनल', 'हेच फायनल' सगळ्यांना बघू द्या, आणि एफ५ दाबून पहिल्यापासून सुरू करा, उड्यांसकट.

बी नावाचं बटण तर कीबोर्डवरून उचकटूनच टाका. शो चालू असताना ते दाबलं की पडदा काळा होतो आणि सगळा वर्ग चक्क तुमच्याकडे बघायला लागतो, मग शिकवावं लागतं. १९८७ साली हे सॉफ्टवेअर मॅकिंटॉशवर पहिल्यांदा आलं तेव्हा बिचारं काळंपांढरं होतं, ना गिरक्या ना उड्या, लोक काय सांगायचं ते सांगून मोकळे होत असणार, कसे दिवस काढले असतील.

मजकूर पुस्तकातून उचलून अख्खा परिच्छेद चिकटवा आणि वर्गाकडे पाठ करून मोठ्यानं वाचा. चित्र दाखवून तोंडी समजावलं तर पोरांना जास्त कळतं, तेच शब्द पडद्यावर पण छापले तर उलट कमी कळतं, असं रिचर्ड मेयर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं प्रयोग करून दाखवलंय. दाखवू दे, त्याला कुठं पोर्शन संपवायचाय.

प्रेझेंटर व्ह्यू, म्हणजे तुमच्या स्क्रीनवर नोट्स आणि पोरांच्या पडद्यावर नुसत्या स्लाइड, तो मात्र जरूर वापरा, आणि दोन स्क्रीनची अदलाबदल झालीये का ते अजिबात तपासू नका. नोट्समध्ये तुम्ही 'इथे विनोद करणे, हसले नाहीत तर पुढे जाणे' असं लिहिलेलं असतं, ते पोरांना आधीच वाचायला मिळतं. हसतात मग, आणि चांगलं हसतात.

शेवटचं म्हणजे रिहर्स टायमिंग्ज. घरी एकट्यानं सराव करून प्रत्येक स्लाइडची वेळ रेकॉर्ड करून ठेवा, घरी कुणी शंका विचारत नाही त्यामुळे वेळा एकदम झकास येतात. वर्गात स्लाइड त्याच वेळांनी आपोआप पुढे सरकतात, 'काही प्रश्न?' ही स्लाइड दोन सेकंद थांबते, कुणाचा तरी हात अर्धा वर गेलेला असतो, आणि तेवढ्यात गोल गोल फिरत 'धन्यवाद' येतं, टाळ्यांच्या आवाजासकट.