दातांच्या डॉक्टरला बायोकेमिस्ट्री कशाला? फिरणाऱ्या मुद्द्यांना उत्तर

दंतवैद्यकाच्या पहिल्या वर्षातून बायोकेमिस्ट्री (जीवरसायनशास्त्र) काढून टाका, असं सांगणारा एक मजकूर विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर पुन्हा पुन्हा फिरतो. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: दाढ काढताना क्रेब्ज सायकल (पेशी अन्नातून ऊर्जा काढतात ती चक्राकार प्रक्रिया) कुणाला आठवावी लागत नाही, उपयोगाचं जे आहे ते पुढे फार्माकॉलॉजीत (औषधशास्त्रात) येतंच, बाकी सगळं पाठांतर, परीक्षा झाली की पुसलं जातं, अडलंच तर फोन आहे, तो वेळ हातकामाला द्यावा. हा विषय मी याच विद्यार्थ्यांना शिकवते. त्यांचा वैताग खरा आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा आहे, म्हणून एकेक मुद्दा घेते.

“क्रेब्ज सायकलचा आणि दाताचा काय संबंध?”

संबंध आहे, आणि तो फार सुरेख आहे. कीड पाडणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स या जंतूकडे पूर्ण क्रेब्ज सायकल नसतेच. ग्लुकोज फोडण्याच्या पहिल्या टप्प्याला ग्लायकोलिसिस म्हणतात. त्यात एनएडी हा रेणू हायड्रोजन उचलतो आणि एनएडीएच तयार होतं. त्याचं पुन्हा एनएडी झालं नाही, तर ग्लायकोलिसिस तिथंच अडकेल. आपल्या बहुतेक पेशी हे काम मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाघरात, उरकतात. या जंतूला ती सोय नाही, म्हणून तो हायड्रोजन ग्लुकोज फोडून उरलेल्या पायरुव्हेटवर लादतो आणि लॅक्टिक आम्ल बाहेर सोडतो. ज्याला आपण कीड म्हणतो, तिच्या मुळाशी जंतूची ही अडचण आहे. वर्गात क्रेब्ज सायकल शिकवताना ‘ही नसती तर काय झालं असतं?’ हा प्रश्न टाकला, की उत्तर दातावरच दिसतं.

पुढचा भाग आकड्यांचा आहे. एनॅमलमध्ये, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कठीण आवरणात, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असतं, मुख्यतः हायड्रॉक्सिअॅपेटाइट हे कॅल्शियम-फॉस्फेट. दाताभोवतीचा पीएच (आम्लता दाखवणारा अंक; तो जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५च्या खाली गेला की ते विरघळू लागतं. या खनिजातल्या हायड्रॉक्सिलच्या जागी फ्लोराइड बसलं, तर ही मर्यादा ४.५च्या आसपास जाते. पीएचचा एक अंक म्हणजे हायड्रोजन आयनांत दहापट फरक, हे ज्याला कळलं आहे त्यालाच फ्लोराइडचं मोल कळतं. त्यातही प्लाक, म्हणजे दातावरचा जंतूंचा थर, आम्लधर्मी झाला की फ्लोराइड हायड्रोजन फ्लोराइडच्या रूपात जंतूत शिरतं आणि ग्लायकोलिसिसमधल्या एनोलेज या एन्झाइमला अडवतं. ज्या दहा पायऱ्या पाठ करायला मुलं कंटाळतात, त्यांतली ही नववी.

रॉबर्ट स्टीफन यांनी १९४०च्या दशकात मोजून दाखवलं, की ग्लुकोजच्या द्रावणाने चूळ भरल्यावर काही मिनिटांतच प्लाकचा पीएच कोसळतो आणि पूर्ववत व्हायला अर्धा-पाऊण तास किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. लाळेतलं बायकार्बोनेट त्याला हळूहळू वर खेचतं. हा आलेख समजलेला डॉक्टर रुग्णाला नुसतं ‘गोड कमी खा’ म्हणून मोकळा होत नाही. दिवसातून किती वेळा तोंडात गोड जातं, हे तो विचारतो. झोपेत लाळ फारच कमी होते, म्हणून झोपण्यापूर्वी काही खाल्लं जातं का, हेही तो विचारतो.

“उपयोगाचं ते फार्माकॉलॉजीत येतंच.”

येतं, पण पाया घातलेला असेल तर. या मुद्द्यावर मला सर्वांत जास्त बोलायचं आहे, कारण तो वरवर शहाणपणाचा वाटतो.

सूज आलेल्या दाढेला भूल नीट लागत नाही, हा रोजचा अनुभव. लिग्नोकेन या भुलीच्या औषधाचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला त्याचे निम्मे रेणू भारित असतात तो आकडा, ७.९. चेतातंतूच्या आवरणातून आत जातो तो त्याचा भाररहित अंश. निरोगी ऊतीत, पीएच ७.४ला, पीएच आणि पीकेए जोडणाऱ्या हेंडरसन-हॅसलबाल्क समीकरणाने हा अंश २४ टक्के निघतो. सुजेमुळे पीएच ६.९वर आला, की तो ९ टक्क्यांवर येतो. कारणं आणखीही आहेत. सुजलेल्या भागातल्या चेतातंतूंचं वागणंही बदललेलं असतं. पण एवढा हिशेब कागदावर केलेला विद्यार्थी त्याच सुजेत आणखी औषध ओतत बसणार नाही, दूरवरून चेता बधिर करण्याचा विचार करील. बफरचा, म्हणजे पीएच धरून ठेवणाऱ्या द्रावणांचा, धडा ज्याने ‘परीक्षेपुरता’ केला, त्याला फार्माकॉलॉजीत हे वाक्य पुन्हा पाठच करावं लागतं.

दुसरं उदाहरण. प्रायलोकेन या दुसऱ्या भुलीच्या औषधाच्या विघटनातून ऑर्थो-टोल्युइडीन बनतं, आणि मात्रा जास्त झाली तर हिमोग्लोबिनचं ऑक्सिजन न वाहणारं मेथेमोग्लोबिन होतं. ओठ निळसर पडतात. उपचार मेथिलीन ब्लू. पण ते काम करतं एनएडीपीएच या रेणूच्या जोरावर, आणि लाल पेशीत एनएडीपीएच येतं पेंटोज फॉस्फेट मार्गातून. ज्या रुग्णात जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम कमी आहे, त्याला मेथिलीन ब्लू उपयोगी तर पडत नाहीच, उलट लाल पेशी फुटू शकतात. याच मार्गाची ‘एचएमपी शंट’ ही सर्वांत जास्त शिव्या खाणारी आकृती इथं उपचाराच्या निर्णयात येऊन उभी राहते.

कोलेस्टेरॉल कसं बनतं हे तरी कशाला, असं विचारतात. हाडांच्या ठिसूळपणासाठी आणि कर्करोगात दिली जाणारी झोलेड्रोनेटसारखी औषधं कोलेस्टेरॉल बनवणाऱ्या त्याच मेव्हॅलोनेट मार्गातलं एक एन्झाइम रोखतात आणि हाड खाणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी निकामी करतात. अशा रुग्णांत जबड्याचं हाड मृत होण्याचे पहिले अहवाल २००३मध्ये आले. दात काढण्याआधी ‘कोणती औषधं चालू आहेत?’ हा प्रश्न म्हणूनच टाळता येत नाही.

“सगळं पाठांतर, आणि ते विसरतं.”

विसरतं, हे मान्य. पण दोष विषयाचा नाही, मांडणीचा आहे. बहुतेक ठिकाणी वैद्यकाचाच अभ्यासक्रम थोडा छाटून दंतवैद्यकाला दिला जातो, आणि परीक्षेत ‘चक्राची आकृती काढा’ एवढंच विचारलं जातं. मग मुलं आकृतीच पाठ करणार.

क्रम उलटा करून पाहावा. लाळेतले जंतू किती आम्ल करतात हे दाखवणारी स्नायडर चाचणी जुनी आणि सोपी आहे: ग्लुकोज आणि आम्लात रंग बदलणारं ब्रोमोक्रेसॉल ग्रीन घातलेल्या अगार या जेलीत विद्यार्थ्याची स्वतःची लाळ मिसळायची आणि ३७ अंशांवर ठेवायची. २४, ४८, ७२ तासांनी नळ्या पाहायच्या. कुणाची पहिल्याच दिवशी हिरव्याची पिवळी होते, कुणाची तिसऱ्या दिवशीही हिरवीच. कोणाला कीड लागेल याचं भाकीत करायला ही चाचणी कच्ची आहे, हे स्पष्ट सांगावं. पण ‘माझी एवढ्या लवकर पिवळी का झाली?’ असं विचारत जो विद्यार्थी येतो, त्याला ग्लायकोलिसिस शिकवायला जबरदस्ती लागत नाही.

“फोनवर सगळं मिळतं.”

उत्तर मिळतं, शंका यावी लागते. तीन वर्षांच्या मुलाचा खालचा पुढचा दुधाचा दात पडला आणि पालक तो कागदात गुंडाळून घेऊन आले. दात लवकर पडला, एवढंच कोणाच्याही लक्षात येईल. मूळ न झिजता अख्खंच्या अख्खं बाहेर आलंय, हे खटकायला हवं. हायपोफॉस्फटेशिया या आजारात अल्कलाइन फॉस्फटेज कमी पडतं, मुळावरचं सिमेंटम नीट बनत नाही आणि दात अख्ख्या मुळासकट निसटतो. तपासणीच्या कागदावर हे एन्झाइम वाढलेलं असलं की सगळे बघतात. कमी असलं की नजर पुढे सरकते. त्यातून मुलांत ते मुळातच मोठ्यांपेक्षा जास्त असतं, म्हणजे मोठ्यांच्या मर्यादेने पाहिलं तर कमतरता झाकली जाते. हे डोक्यात नसेल तर फोनवर शोधणार काय?

“तो वेळ हातकामाला द्या.”

हातकामाला वेळ हवाच. पण एनॅमलखालच्या डेंटिनवर ३७ टक्के फॉस्फोरिक आम्ल लावून धुतल्यावर उरतं ते कोलॅजेन या प्रथिनाचं जाळं. ते फार कोरडं केलं तर कोसळतं आणि दात भरायचं रेझिन आत शिरत नाही. हवेचा झोत किती वेळ मारायचा, हा हाताचा निर्णय प्रथिनाच्या रचनेवरच ठरतो.

छाटायचं असेल तर छाटण्यासारखं पुष्कळ आहे. युरिया चक्रातल्या प्रत्येक दुर्मिळ विकाराची नावं, प्युरीनच्या रिंगमधला कोणता अणू कुठून आला, हे पहिल्या वर्षी वगळलं तर कुणाचं काही बिघडणार नाही. त्या तासांत लाळ, कोलॅजेन आणि क जीवनसत्त्व, कॅल्शियम-फॉस्फेटचा तोल, मधुमेह आणि हिरड्या हे नीट शिकवता येईल. परीक्षेत लिग्नोकेनचा पीकेए आणि ऊतीचे दोन पीएच देऊन पुढचं विद्यार्थ्याला मांडायला लावावं.