‘एक लाख कोटी झाडं लावा, विषय संपला’ या फॉरवर्डचा हिशोब

हा मेसेज तुमच्याकडेही आला असेलच, नसेल तर येईल. त्यात असं म्हटलंय की क्लायमेट चेंजच्या नावाने उगाच घाबरवतात, उपाय एकदम साधा आहे. ॲमेझॉनचं जंगल एकटं जगाला २० टक्के ऑक्सिजन देतं. एक लाख कोटी झाडं लावली की माणसाने सोडलेला दोन तृतीयांश कार्बन शोषला जाईल, हे म्हणे शास्त्रज्ञांनीच सिद्ध केलंय. जुनी झाडं कार्बन शोषत नाहीत म्हणून ती काढून नवी लावा. आणि कुठलंही झाड कुठेही चालेल. शेवटी हात जोडलेले, हिरवी हृदयं वगैरे.

झाडांच्या विरोधात कोण बोलणार, म्हणून हा मेसेज कुणी तपासत नाही आणि बिनधास्त पुढे ढकलला जातो. मी झाडांच्या बाजूचाच आहे, म्हणूनच हे लिहितोय.

ऑक्सिजनचं आधी उरकूया. ॲमेझॉन भरपूर ऑक्सिजन बनवतं हे खरंच, पण तो जवळजवळ सगळा तिथेच खर्च होतो, कारण झाडं स्वतःही श्वास घेतात आणि खाली पडलेला पाला, लाकूड कुजवणाऱ्या बुरशी न् जिवाणूंनाही तो लागतो. निव्वळ शिल्लक साधारण शून्य. हवेत जो २१ टक्के ऑक्सिजन आहे तो कोट्यवधी वर्षांत साठलेला आहे, तो संपायची भीती कुणालाच नाहीये. ॲमेझॉन महत्त्वाचं आहे ते त्यात साठलेल्या कार्बनमुळे आणि ते हवेत जी वाफ सोडतं, जिच्यावर दूरदूरचा पाऊस चालतो, त्यामुळे. आणि विमानातून हवेचे नमुने घेऊन केलेला अभ्यास २०२१ मध्ये आला त्यात दिसलं की या जंगलाचा आग्नेय भाग आता शोषतो त्यापेक्षा जास्त कार्बन बाहेर सोडतोय. काळजी याची करा ना!

आता मुख्य मुद्दा, एक लाख कोटी झाडं. हा आकडा हवेतून आलेला नाही. २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात झुरिकच्या एका टीमचा पेपर आला होता, त्यांनी म्हटलं की शेती न् शहरं सोडून जगात आणखी ९० कोटी हेक्टरवर झाडांचं छत्र वाढू शकतं आणि ती झाडं मोठी झाली की २०५ अब्ज टन कार्बन साठवतील. ९० कोटी हेक्टर म्हणजे जवळपास अख्खी अमेरिका. बातम्यांमध्ये याचं ‘एक लाख कोटी झाडं लावा, दोन तृतीयांश कार्बन गायब’ असं झालं. त्यावर बाकीच्या शास्त्रज्ञांनी जोरदार आक्षेप घेतले, की गवताळ प्रदेशही यात धरलेत, मातीत आधीच असलेला कार्बन नीट मोजला नाही, आणि हवेतला कार्बन कमी झाला की समुद्रही थोडा परत सोडतो हे विसरलात. २०२० मध्ये लेखकांनी स्वतःच दुरुस्ती छापली आणि ‘सगळ्यात प्रभावी उपाय’ ही भाषा मवाळ केली. फॉरवर्डमध्ये अर्थातच २०१९ चीच बातमी फिरतेय.

बरं, आक्षेप बाजूला ठेवा आणि २०५ हा आकडा जसाच्या तसा खरा धरा. कोळसा, तेल, गॅस जाळून आपण वर्षाला साधारण ३७ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड सोडतो, त्यात निव्वळ कार्बन १० अब्ज टन. म्हणजे अमेरिकेएवढं जंगल उभं करायचं, ते मोठं व्हायला पन्नास-शंभर वर्षं थांबायचं, आणि त्या बदल्यात आजच्या दराने फक्त वीस वर्षांचा धूर वसूल होणार. तोवर जाळणं चालूच राहिलं तर काय उरलं? आणि जंगल एकदा भरलं की भरलं, त्याच जमिनीवर ते दुसऱ्यांदा लावता येत नाही.

झाडांची ताकद किती आणि मर्यादा किती हे बघायचं असेल तर हवाईतल्या मौना लोआ वेधशाळेचा ग्राफ बघा. तिथे १९५८ पासून हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजतायत. उत्तर गोलार्धात उन्हाळा आला, पालवी फुटली की रेषा दरवर्षी खाली येते, हिवाळ्यात परत वर. अख्ख्या ग्रहाच्या हवेत झाडापाल्याचा परिणाम दिसतो, भारीच आहे ते. पण दरवर्षीचं शिखर आधीच्यापेक्षा उंच. सुरुवातीला दहा लाखांत ३१५ भाग होते, आता ४२० च्या वर गेलेत.

शिवाय झाडातला कार्बन कायमचा नसतो. कोळसा जमिनीखाली तसाच पडून राहिला असता, झाडाचं तसं नाही, त्याला कीड लागते, दुष्काळ येतो, आग लागते. २०२३ मध्ये कॅनडात दीड कोटी हेक्टरच्या आसपास जंगल जळलं आणि त्यातून जवळपास ६५ कोटी टन कार्बन हवेत गेला. तापमान वाढलं की आगी वाढतात, म्हणजे ज्या तिजोरीच्या भरवशावर आपण खर्च करतोय तीच पेट घेतेय.

जुनी झाडं काढा, हा तर सगळ्यात घातक सल्ला. त्यात अर्धं सत्य आहे ते सांगतो, एकाच वेळी लावलेलं तरुण जंगल हेक्टरी वेगाने वाढतं आणि पुढे तो वेग मंदावतो. पण एकेक झाड घेतलं तर उलटं दिसतं. २०१४ मध्ये ‘नेचर’मध्ये ४०३ प्रजातींचा अभ्यास आला, त्यातल्या बहुतेकांत झाड जितकं मोठं तितका वर्षाला जास्त कार्बन जोडतं. आणि मुळात साठ्याचं काय? शंभर वर्षांचं झाड तोडून त्याचा कागद नाहीतर सरपण केलं की साठा थोड्याच वर्षांत हवेत, आणि नवं रोप तो भरून काढायला परत कित्येक दशकं घेणार. हे गणित ज्याने लिहिलं त्याला लाकूड विकायचं होतं की काय असं वाटतं मला.

कुठलंही झाड कुठेही? नाही. जिथे वर्षातले कित्येक महिने बर्फ असतो तिथे गडद सूचिपर्णी झाडं लावली तर बर्फावरून परत जाणारं ऊन झाडं शोषतात आणि ती जागा उलट तापते. गवताळ माळावर निलगिरी लावली तर भूजल खाली जातं आणि मूळचं गवत, त्यातले प्राणी-पक्षी संपतात.

आणि लावलेली रोपं जगतात का, हे त्या मेसेजमध्ये कुठेच नाही. तुर्कस्तानात २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये एका दिवसात १ कोटी १० लाख रोपं लावल्याचा गाजावाजा झाला, काही महिन्यांतच तिथल्या वनकामगार संघटनेने सांगितलं की पाहणी केलेल्या रोपांपैकी ९० टक्क्यांपर्यंत मेलीत. सरकारने ते नाकारलं, पण चुकीच्या मोसमात, पाणी न देता लावलेल्या रोपांचं असं होतं हे कुठल्याही माळ्याला विचारा.

याच्या उलट पश्चिम आफ्रिकेतला नायजर देश. तिथे १९८० च्या दशकात टोनी रिनाउडो नावाच्या ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञाच्या लक्षात आलं की शेतात खुरटी झुडपं दिसतायत ती झुडपं नाहीतच, तोडलेल्या झाडांच्या जिवंत बुंध्यांना फुटलेले धुमारे आहेत. शेतकऱ्यांनी त्यातले एक-दोन चांगले ठेवून बाकी छाटायला आणि गुरांपासून जपायला सुरुवात केली. पुढच्या काही दशकांत साधारण ५० लाख हेक्टरवर झाडं परत आली, अंदाजे २० कोटी, आणि त्यासाठी रोपवाटिका लागल्या नाहीत. माती धरली गेली, सरपण मिळालं, पिकांना वारा कमी लागला. कार्बनही साठला, पण शेतकऱ्यांनी ते केलं स्वतःच्या शेतासाठी, कुणाच्या तरी धुराची भरपाई म्हणून नाही.