गाडी नंबर काय?

कर्जतजवळच्या एका रिसॉर्टचं शनिवार-रविवारचं बुकिंग मी केलं होतं, पैसे आगाऊ भरले होते आणि त्या पैशांत 'प्रशस्त मोफत पार्किंग' धरलेलं होतं. आमच्याकडे गाडी नाही. न वापरलेल्या पार्किंगचे पैसे गेले, तेही एक वेळ ठीक. पण वर पुन्हा फाटकाबाहेर उन्हात उभं राहून गाडी का नाही याची जबानी द्यावी लागेल, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही, कारण प्रवास झकास झाला. ठाण्याहून सकाळची कर्जत लोकल. बदलापूर गेलं की डबा मोकळा होतो आणि वांगणी-शेलूकडे हिरवं दिसायला लागतं. कर्जतला वडापाव खाल्ला आणि एसटी धरली. एसटीत २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना तिकीट नाही, म्हणून आई फुकट. २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट, म्हणून मी निम्म्यात. पूर्ण तिकीट एकट्या नवऱ्याचं. कंडक्टरने तिकिटं हातात ठेवली तेव्हा तो माझ्याकडे असा बघत होता, की जणू ही योजना मीच मंजूर करून आणली. मागच्या बाकावर कोथळीगडला निघालेली पोरं गाणी म्हणत होती, आईने त्यांना लाडू वाटले. कडावच्या पुढे एका फाट्यावर आम्ही उतरलो, मातीच्या रस्त्याने दहा मिनिटं चाललो आणि फाटक आलं.

कमानीवर बैलगाडीचं चाक, चाकाला रंगीत दिवे. खाली प्लास्टिकच्या खुर्चीत साठीचे वॉचमनमामा. मांडीवर लांबडी वही, वहीला दोऱ्याने बांधलेलं पेन.

"इंटरव्ह्यूला का?" मामांनी विचारलं.

"नाही, बुकिंग आहे."

"कुणाचं?"

"आमचं."

मामांनी आमच्या मागे पाहिलं. मागे रस्ता होता आणि रस्त्यावर एक म्हैस.

"गाडी कुठाय?"

"गाडी नाही."

"मागं राहिली?"

"नाही, नाहीच."

"पंक्चर?"

"मामा, आम्ही एसटीने आलो."

मामा हसले. मनापासून हसले, त्यात कुचकेपणा नव्हता. "यष्टीनं पाव्हणे नाय येत, ताई. यष्टीनं मी येतो."

इथे आईला राहवलं नाही. तुमची एसटी किती वाजताची, कुठून बसता, परतीची शेवटची कधी, सगळी चौकशी झाली. मामा सकाळी सातच्या गाडीने येतात, परतीची चुकली की तंगडतोड. आईने हळहळ व्यक्त केली. दोघांचं इतकं जमलं, की आता फाटक उघडणार असं मला वाटलं. मामांनी वही उघडली.

"नाव?"

सांगितलं.

"गाव?"

"ठाणे."

"गाडी नंबर?"

"मामा, आत्ताच बोलणं झालं ना आपलं!"

"बोलणं झालं. वहीत नाय झालं."

नवऱ्याने सुचवलं, रकाना मोकळा सोडा. मामांनी मान हलवली. रकाना मोकळा दिसला की सुपरवायझर विचारतो, माणसं काय आभाळातून पडली का? मागे एकदा असा रकाना राहिला आणि एका दिवसाचा पगार कापला. बरं, मग 'पायी' लिहा. 'पायी' हा काय नंबर झाला? मग मामांनी थुंकी लावून एकेक पान मागे उलटत आम्हाला पुरावाच दाखवला. पानंच्या पानं भरलेली, एकही रकाना रिकामा नाही. पाण्याचा टँकर होता, खडीचा डंपर होता, दूधवाल्याची मोटारसायकल होती. डंपरची नोंद दोनदा होती, जाताना आणि येताना. डंपर जिथून सन्मानाने आत गेला, तिथे माझी आई हातात लाडवांचा डबा घेऊन उभी होती.

"चार शून्यं टाका," नवरा म्हणाला.

"खोटं नाय लिहिणार," मामा म्हणाले.

एवढ्यात मागून हॉर्न वाजला. पांढरी, उंच, धुतलेली गाडी. मामा ताडकन उठले, वही काखेत मारली आणि आम्हाला म्हणाले, "बाजूला व्हा, बाजूला. गाडी येऊ द्या."

आम्ही बाजूला झालो. बाजूला म्हणजे गवतात, आईसकट. फाटक सताड उघडलं. मामांनी सलाम ठोकला. गाडीची काच खालीही आली नाही. नाव नाही, गाव नाही, बुकिंग कुणाचं नाही, इंटरव्ह्यूला का नाही. गाडी आत गेली आणि मामांनी मागच्या पाटीवरून नंबर उतरवून घेतला. धूळ तेवढी आमच्या वाट्याला.

मी हे हसत सांगतेय खरी, पण त्या क्षणी माझ्या डोक्यात तिडीक गेली होती. पैसे त्यांनी भरले तेवढेच आम्ही भरले. ओळखपत्रं आमच्या हातात तयार होती. पण पायाने चालत आलेला माणूस आधी उमेदवार, नाहीतर कुरियरवाला. पाहुणा हा संशय सगळ्यात शेवटी. आणि हा नियम करणारा माणूस फाटकावर उन्हात बसत नाही. तो आत एसीत असतो. त्याच्यातर्फे जो बसतो तो स्वतः एसटीने येतो, आणि आपल्यासारखं कुणी पैसे भरून राहायला येईल हे त्यालाच खरं वाटत नाही.

मामा मात्र एकाएकी खुलले. नुकत्याच लिहिलेल्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "एमएच शून्य चार. ठाण्याची गाडी."

"मग?"

"तुम्ही पण ठाण्याचे."

"अहो, पण—"

"झालं की मग." आणि त्यांनी पांढऱ्या गाडीच्या ओळीत, माणसांच्या रकान्यात तिघांच्या पुढे अधिक तीन लिहिलं. नंबर खरा, गाव खरं, माणसं खरी. खोटं काहीच लिहिलं नाही. "जावा आता," म्हणाले, आणि आईला सलाम ठोकला.

लोक आम्हाला विचारतात, गाडी का घेत नाही? विचारणारे बहुतेक ठाण्याबाहेरचे असतात. आमची इमारत नौपाड्यातली, जुनी. ती बांधली तेव्हा माणसांकडे सायकली होत्या आणि त्या लोक जिन्याखाली ठेवत. आता खालच्या मोकळ्या पट्ट्यात जेमतेम काही गाड्या बसतात आणि त्या कुणाच्या बसाव्यात यावर सोसायटीची वार्षिक सभा गाजते. हिशेब, रंगकाम, पाण्याची टाकी हे विषय पाच मिनिटांत मंजूर. पार्किंग निघालं की एरवी डोळे मिटून बसणारे आजोबासुद्धा चष्मा लावतात. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी गाडी घेतली आणि मिळालेली जागा जाऊ नये म्हणून ती हलवतच नाहीत. रविवारी सकाळी खाली येऊन तिच्यात बसतात, इंजिन चालू करतात, एक पेपर वाचतात आणि वर जातात. माझ्या नणंदेचे यजमान गाडी बाहेर काढणाऱ्यांतले आहेत. ते लोणावळ्याला गेले की खंडाळ्याच्या घाटातून फोटो पाठवतात. फोटोत पुढच्या गाडीची मागची बाजू असते. तासाभराने दुसरा फोटो येतो. गाडी तीच.

आणि ठाणेकरांना कुणी रेल्वेने फिरायला कमीपणा मानायला सांगावं? १६ एप्रिल १८५३ रोजी देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून निघाली, ती आली कुठे? ठाण्याला. चौदा डबे, सुमारे चारशे निमंत्रित, ओढायला साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं. म्हणजे आगगाडीने सहलीला जाण्याची या देशातली पहिली हौस आमच्या गावी फेडली गेली. त्या चारशेंपैकी एकालाही स्टेशनात कुणी अडवून 'ते राहू द्या, तुमची बग्गी कुठाय?' असं विचारलं नसणार.

खरं तर आम्ही माथेरानला जायला हवं होतं. नेरळहून वर चढणारी ती छोटी गाडी १९०७ पासूनची. पण माथेरानचं खरं सुख गाडीत नाही, दस्तुरी नाक्यावर आहे. तिथे सगळ्या खासगी मोटारी थांबवतात. पुढे जायचं तर अमन लॉज स्टेशनहून शटल, नाहीतर ई-रिक्षा, नाहीतर घोडा, नाहीतर आपले पाय. कालपर्यंत काच वर करून बसलेली मंडळी तिथे लाल मातीतून चाकांची बॅग ओढत चाललेली असतात. चाकं दगडाला अडकतात, बॅग पालथी पडते. आपण पाठीवर सॅक टाकून बाजूने निघून जायचं. मी हे दृश्य बघायला मुद्दाम थांबलेली आहे, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

असो. आमच्या नावावर आता गाडी होती.

जेवून आम्ही आडवे झालो होतो. नवऱ्याचा नुकता डोळा लागला होता. खोलीतला फोन वाजला.

"सर, आपली गाडी जनरेटरसमोर लागलीय. जरा काढता का?"

"माझी गाडी नाही."

"सर, पांढरी. एमएच शून्य चार."

"माहीत आहे मला ती. माझी नाही."

"सर, रजिस्टरमध्ये आपण त्याच गाडीत आहात."

"मी त्या गाडीत नव्हतो. ती आत आली तेव्हा मी गवतात होतो."

पलीकडे थोडी शांतता. मग अतिशय मऊ आवाजात, "काही हरकत नाही सर, चावी दिलीत तरी आमचा मुलगा काढेल."

रात्री जेवणघरात सहा जणांचं टेबल लावून ठेवलं होतं. एका बाजूला पांढऱ्या गाडीचं कुटुंब, दुसरीकडे आम्ही. तो गृहस्थ पोखरण रोडचा निघाला, माणूस चांगला होता. सगळं ऐकून पोटभर हसला. मग आवाज उतरवून नवऱ्याला म्हणाला, "गाडी सर्व्हिसिंगला आहे का?" नाहीच आहे म्हटल्यावर त्याने नवऱ्याच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाला, "होईल, होईल." आमच्या घरी कुणी आजारी पडल्यावर नातेवाईक एवढ्या आस्थेने बोललेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रिसेप्शनवर विचारलं, जवळपास बघण्यासारखं काय आहे. मुलीने छापील कागद दिला. धबधबा, गाडीने दहा मिनिटं. मंदिर, गाडीने पाच मिनिटं. नदीकाठ, गाडीने सात मिनिटं. चालत किती, विचारलं. तिने कागद उलटून बघितला. मागे वायफायचा पासवर्ड होता. मग कर्जतला जायची एसटी किती वाजता, विचारलं. तिने आधी दुसऱ्या मुलीकडे, मग दुसरीने मॅनेजरकडे बघितलं. "इथे बस येते?" मॅनेजरने मलाच विचारलं. फाटा फाटकापासून दहा मिनिटांवर, त्यांची निम्मी माणसं रोज तिथे उतरतात. "गाडी मागवून देऊ का, मॅडम?" स्टेशनपर्यंतचा जो आकडा त्याने सांगितला, त्यात आम्हाला तिघांना ठाण्याला जाऊन परत येता आलं असतं आणि वडापाव उरला असता.

इथे मला विनोद सुचत नाही. मुंबई-ठाण्याहून लोकलने कुठवर जाता येतं बघा: कसारा, कर्जत, खोपोली, आणि २०२४ पासून नवी मुंबईकरांना नेरूळ-बेलापूरहून थेट उरण. रूळ आहेत, एसटी आहे. अडतं ते शेवटच्या तीन-चार किलोमीटरवर. तिथे रस्त्याला कड नाही, फाट्यावर वेळापत्रक नाही, आणि असलं तर त्यावर निवडणुकीचं पोस्टर. सकाळी चेक-आउट अकराला आणि गाडी दीडला, मधले अडीच तास सामान घेऊन बसायचं कुठे? म्हाताऱ्या माणसाला घेऊन आलेल्याने काय करायचं? जाहिरातीत 'मुंबईपासून अवघ्या दोन तासांवर' छापतात. कुणासाठी, ते छापत नाहीत.

एसटीची वेळ शेवटी मामांनीच सांगितली, मिनिटासकट. वर, पुढच्या फाट्यावरून बसा, जागा मिळेल, हेही. आईने उरलेले लाडू त्यांना दिले. निघताना त्यांनी वही काढली आणि आमची 'बाहेर'ची वेळ लिहायला घेतली, तर पंचाईत झाली. पांढरी गाडी अजून आतच होती. गाडी आत आणि माणसं बाहेर, हे वहीत बसेना. मामा बराच वेळ पेन धरून उभे राहिले.

"आम्ही निघतो, मामा. गाडी चुकेल."

"कुठली गाडी?" मामांनी आशेने विचारलं.

रविवार होता, त्यामुळे मेगाब्लॉक होता. कल्याणच्या अलीकडे लोकल जी थांबली ती थांबलीच. डब्यात पंखे फिरत होते, बाळ रडत होतं, एक बाई मेथी निवडत होती. नवरा मोबाइलवर काहीतरी वाचत होता, आणि मी डोकावले तेव्हा त्याने पडदा झाकला. जुन्या गाड्या. कमी वापरलेल्या, एकाच मालकाच्या, सोपे हप्ते. त्याने एक पांढरी बाजूला काढूनही ठेवली होती.

आईने चष्मा पुढे ओढून ती नीट बघितली. रंग बरा आहे म्हणाली.

"आणि ठेवणार कुठे?" तिने विचारलं. "जिन्याखाली?"