बीडीडीवाल्यांना फुकट घरं? जरा थांबा

आज सकाळी ओळखीतल्या एका गृहस्थांनी वरळीच्या बीडीडीतल्या नव्या टॉवरचा फोटो टाकला. बीडीडी म्हणजे मुंबईतल्या जुन्या सरकारी चाळी; त्या पाडून तिथल्या भाडेकरूंना टॉवरमध्ये घरं मिळतायत. वर मजकूर : 'यांना वरळीत फुकट टू बीएचके, आणि आपण आयुष्यभर हप्ते भरायचे.' खाली हसणाऱ्यांची रांग. दिवसभर डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसलेय. लांबेल.

या चाळी कुणी धर्मादाय म्हणून बांधल्या नव्हत्या हो! गिरण्यांना माणसं हवी होती आणि त्या माणसांना मुंबईत पाठ टेकायला जागा नव्हती. म्हणून मुंबईचा ब्रिटिश गव्हर्नर जॉर्ज लॉइडच्या सरकारने १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं. तेच हे बीडीडी. पैशासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या दर गासडीमागे एक रुपया कर बसवला. ठरवल्या होत्या ५० हजार खोल्या, झाल्या १६ हजारांच्या आसपास. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ इमारती. मजल्यावर २० खोल्या, मधून अंधारा बोळ, संडास सामायिक. खोली १६० चौरस फुटांची. सुरुवातीला कामगारच तिथे जाईनात, भाडं परवडत नव्हतं. सत्याग्रहाच्या काळात वरळीच्या चाळींत सरकारने कैदी ठेवले. तुरुंग म्हणून सहज वापरता आली, अशी ती घरं.

माझी आजी नायगावच्या अशाच एका खोलीत नांदली. आजोबा गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर. कोपऱ्यात मोरी, वर पोटमाळा, घरची सात माणसं आणि शिवाय गावाकडचे तिघं-चौघं खाणावळीला. रातपाळीचा माणूस सकाळी येऊन आडवा व्हायचा, तोवर पहिल्या पाळीवाल्याची वळकटी गुंडाळलेली असायची. दारामागे खिळ्याला एक वाकवलेली तार होती. भाड्याची पावती आली की आजी ती तारेत टोचायची. तार भरली की सगळा गठ्ठा सुतळीने बांधून ट्रंकेत.

फुकट म्हणणाऱ्यांना ती तार दाखवायला हवी.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. पगार बंद. खाणावळीची माणसं एकेक करून गावी गेली, काहींची उधारी तशीच राहिली. आजीने आधी पातेली, मग लग्नातला पितळी हंडा मोडीत घातला आणि भाडं भरलं. ८२ च्या पावत्याही त्या तारेत आहेत, कडा गंजाने तांबूस झालेल्या. संपात गिरण्या गेल्या, नोकऱ्या गेल्या, पुढे गिरण्यांच्या जमिनींवर मॉल उभे राहिले. तेव्हा कुणी म्हणालं नाही की मालकांना फुकट मिळालं.

हो, ५०० चौरस फूट वरळीत म्हणजे कोटींचा मामला आहे, आणि मधल्या काळात काही खोल्या हातोहात विकल्या गेल्या, हेही खरं. पण 'करदात्यांचा पैसा' म्हणू नका. म्हाडा त्याच जमिनीवर जादा घरं बांधून बाजारभावाने विकणार आहे, त्यातून खर्च निघायचाय. ती जमीन मोकळी कशी झाली? माणसं टॉवरमध्ये वर चढली म्हणून.

आणि दुसरी बाजूही नको मला. 'चाळीतलं ते प्रेम, तो गणपती, ती उघडी दारं' म्हणून उसासे टाकणारे बहुतेक चाळ सोडून गेलेले असतात. संडासच्या रांगेत आजीचे गुडघे गेले. १९७४ ला वरळीच्या याच चाळींत दंगल पेटली, दलित आणि सवर्ण शेजारी एकमेकांवर दगड घेऊन उठले. ते विसरून प्रेमाचे गोडवे गाता येत नाहीत. २०२५ मध्ये वरळीत पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या, तेव्हा टीव्हीसमोर मी रडले. घरात स्वतःचा संडास! आजीला हे बघायला मिळायला हवं होतं.

राग आणखी एका गोष्टीचा आहे. मालक बदलत गेले : आधी ब्रिटिश सरकार, मग आपलं सरकार, भाडं घ्यायला सार्वजनिक बांधकाम खातं, आता बांधायला म्हाडा. शिवडीच्या चाळी पोर्टाच्या, म्हणजे बंदराच्या, जमिनीवर, म्हणून त्यांचं गाडं मागेच राहिलं. राहणारे मात्र तेच, तीन-चार पिढ्या. आणि नावं कुणाची दिली? वरळीला बाळासाहेब ठाकरे, नायगावला शरद पवार, डिलाईल रोडला राजीव गांधी. ज्या डिलाईल रोडला आता कामगारांसाठी झिजलेल्या ना. म. जोशींचं नाव आहे, तिथल्या चाळींनासुद्धा कामगाराचं नाव सुचू नये? खाणावळी चालवून गिरणगाव जगवणाऱ्या बायकांचं तर सोडाच.

नव्या घरासाठी पात्रता ठरवताना आमच्याकडे जुने कागद मागितले. एका कचेरीतला माणूस म्हणाला, एवढं जुनं कोण ठेवतं? काकाने आजीचा गठ्ठा टेबलावर ठेवला.

माझ्या यादीत बीडीडीतले बरेच जण आहात. घर हलवताना भाडेपावत्या, गिरणीचे पास, जुनी रेशनकार्डं रद्दीत घालू नका. मोबाइलवर फोटो काढा आणि मला पाठवा. खोली नंबर आणि आजी-आजोबा कुठल्या गिरणीत होते तेही लिहा. मी एका जागी जमवतेय.