उशाशी तांब्या ठेवला म्हणजे पाणी पाजलं असं नाही

वृद्धाश्रमात खाटेखाटेशी तांब्या-भांडं असतं आणि संध्याकाळी ते बहुतेक वेळा तसंच भरलेलं असतं. मग म्हणायचं, "आजी पाणीच पीत नाहीत हो!"

वयाबरोबर तहान मंदावते आणि मूत्रपिंडं पाणी पूर्वीसारखं राखून ठेवत नाहीत, हे खरंच. पण माझ्या मते मोठं कारण बाथरूम आहे. गुडघे धरलेले, फरशी ओली, रात्रपाळीला मावशी एकच. "तिला कितीदा उठवू?" म्हणून आजी दुपारपासूनच पाणी तोडतात. याला हट्ट म्हणू नका, पडायची भीती आहे ती. तेव्हा आधी त्याची सोय करा: दिवसा दर दोन-अडीच तासांनी आपणहून विचारून बाथरूमला नेणं, रात्री खाटेलगत कमोडची खुर्ची. लघवीची गोळी सकाळी देता येईल का, हे डॉक्टरांना विचारा.

मग पाणी. दिवसभरातलं सगळं पेय धरून बायकांना साधारण 1.6 लिटर, पुरुषांना 2 लिटर. दीडशे मिलीच्या फुलपात्राने मोजलं तर 11 आणि 13. यात चहा, ताक, पेज, सार, कोकम सरबत सगळं धरा. चहाने पाणी कमी होतं हा गैरसमज आहे. यातलं बरंचसं चारच्या चहापर्यंत पोटात जाऊ द्या. गोळ्यांबरोबर घोटभर न देता अख्खं फुलपात्र द्या. भरलेला तांब्या कापऱ्या हाताला पेलत नाही. कानाचा हलका कप, अर्धाच भरलेला, हातात द्या आणि संपेपर्यंत थांबा. आडवं असताना पाजू नका. वरचेवर ठसका लागत असेल तर आग्रह थांबवून गिळण्याची तपासणी करून घ्या.

अंगातलं पाणी कमी झालंय का हे ओळखायला कातडीची चिमटी घेऊन बघणं किंवा लघवीचा रंग यांवर या वयात भरवसा ठेवू नये. एक-दोन दिवसांत वजन किलोभर उतरलं, उठताना चक्कर आली, बोलण्यात अचानक गोंधळ दिसला, तर डॉक्टरांना कळवा. (या गोंधळाला "वय झालं" म्हणून सोडून देतात, तिथेच घात होतो.) जुलाबात ओआरएसचं लिटरचं पाकीट लिटरभर पाण्यातच घाला. अर्धं पाकीट पेलाभर पाण्यात ढवळलं की मिठाचं प्रमाण भलतंच वाढतं.

हृदय किंवा मूत्रपिंड अधू असलेल्यांना वरचं माप लागू नाही. त्यांच्या खाटेवर डॉक्टरांनी ठरवलेला आकडा लिहून लावा. भेटीला कौतुकाने शहाळं आणणाऱ्या लेकालाही तो दिसायला हवा; मूत्रपिंडं थकलेली असताना त्यातलं पोटॅशियम महागात पडतं.