‘सगळं कॉमनमध्ये टाका’ म्हणणाऱ्यांनी आधी सायपायचं ‘मिस्क’ बघावं

एक पोस्ट सध्या जोरात फिरतेय. म्हणणं असं: नमपाय आणि सायपाय या पायथन भाषेतल्या गणिताच्या दोन लायब्रऱ्या, म्हणजे तयार कोडचे संच. नमपायमध्ये लिनअल्ग (रेषीय बीजगणित) आहे, सायपायमध्येही आहे, एफएफटीही (फूरिए रूपांतर) दोन्हीकडे. हा निव्वळ निष्काळजीपणा. दोन लायब्रऱ्या एकत्र करताना सामाईक कोड सरळ एका ‘कॉमन’ पॅकेजमध्ये काढावा, जागा चुकली तर नंतर हलवता येतेच, आणि जुन्या कोडला लागणारी जुनी नावं पहिल्याच दिवशी पुसून टाकावीत. ओळी कमी म्हणजे कोड चांगला. अनोळखी लोकांनी शेअर केली तोवर मी दुर्लक्ष केलं. काल भाचीने पाठवली, वर “मामा, आमच्या प्रोजेक्टमध्ये असंच करायचं ठरलंय.” आता मात्र गप्प बसवत नाही.

आधी निष्काळजीपणाचा आरोप. पायथनमध्ये आकड्यांच्या रांगांसाठी, म्हणजे अ‍ॅरेसाठी 1990 च्या दशकात न्यूमरिक ही लायब्ररी आली. पुढे हबल दुर्बिणीचं विज्ञानकार्य सांभाळणाऱ्या स्पेस टेलिस्कोप सायन्स इन्स्टिट्यूटमधून नमअ‍ॅरे आली. मोठ्या अ‍ॅरेवर नमअ‍ॅरे वेगवान, छोट्यांवर न्यूमरिक. वापरणारे दोन गटांत वाटले गेले. 2005 मध्ये ट्रॅव्हिस ऑलिफंट यांनी दोन्ही एकत्र करायला घेतल्या. हे काम आधी सायपायचाच भाग होतं, पण नुसत्या अ‍ॅरेसाठी अख्खं सायपाय बसवायला लागू नये म्हणून ते वेगळं काढलं. तेच नमपाय. म्हणजे कुठला कोड कुठे राहावा यावर तिथे विचार झालाच होता.

मग लिनअल्ग दोनदा का? उत्तर सायपायच्या स्वतःच्या प्रश्नोत्तरांत आहे. त्याचा आशय असा: आदर्श जगात नमपायमध्ये फक्त अ‍ॅरे आणि त्यावरच्या अगदी मूलभूत क्रिया असत्या, बाकी सगळं गणित सायपायमध्ये, पण दोन्ही पूर्वजांची वैशिष्ट्यं टिकवायची होती, म्हणून रेषीय बीजगणित आणि फूरिए रूपांतरं नमपायमध्ये राहिली. चुकीच्या जागी आहेत हे ठाऊक असून, वापरणाऱ्यांचा कोड मोडू नये म्हणून ठेवलेली. त्यात सायपाय मूळ कोडपासून तयार (बिल्ड) करायला फोर्ट्रान या जुन्या भाषेचा कंपायलर लागायचा, नमपायला नाही. एवढं वाचायला पाच मिनिटं पुरतात. पोस्ट लिहिणाऱ्याला तेवढी सवड झाली नसावी.

आता तो ‘कॉमन’चा सल्ला. सगळ्यात घातक हाच. सायपायमध्ये असा कप्पा होता, नाव ‘मिस्क’. त्यात फॅक्टोरियल आणि लॉगसमएक्स्प ही गणिताची फंक्शनं होती, चित्राची फाइल वाचणारं आयएमरीड होतं, चाचणीसाठी एका रॅकूनचा फोटोसुद्धा होता! ही मंडळी एकत्र का, तर दुसरीकडे कुठे बसत नव्हती म्हणून. आयएमरीडला चित्रं हाताळणारी पिलो लायब्ररी लागायची. गणिताच्या लायब्ररीने चित्रांच्या फॉरमॅटची काळजी वाहायची. शेवटी एकेक बाहेर काढावं लागलं: फॅक्टोरियल आणि लॉगसमएक्स्प सायपायच्याच ‘स्पेशल’ कप्प्यात, फोटो ‘डेटासेट्स’मध्ये, आणि आयएमरीड 1.2 आवृत्तीत कायमचं बाहेर. जुनं ट्युटोरियल उघडून पहिल्याच ओळीला इम्पोर्ट एरर खाल्लेले विद्यार्थी आजही भेटतात.

किती ठिकाणी वापरलं जातं यावरून कोडची जागा ठरत नाही. तो सोबत कोणती डिपेंडन्सी, म्हणजे दुसऱ्या कोणत्या लायब्ररीची गरज, आणतो, आणि उद्या त्यात बग निघाला तर दुरुस्त कोण करणार, हे विचारायचं. ‘कॉमन’ फोल्डरला सांभाळणारा, मेंटेनर, नसतो. सगळे त्यात टाकतात, काढत कोणी नाही.

नंतर हलवता येतं म्हणे. नमपायमध्ये दहा आर्थिक फंक्शनं होती. त्यातलं पीएमटी म्हणजे आपला ईएमआय काढणारं. अ‍ॅरेच्या लायब्ररीत गृहकर्जाचा हप्ता! ती बाहेर काढायला रीतसर प्रस्ताव लिहावा लागला, एनईपी (नमपाय एन्हान्समेंट प्रपोजल) 32. डिसेंबर 2019 मध्ये 1.18 आवृत्तीत इशारे सुरू झाले, 2021 च्या जानेवारीत 1.20 मध्ये फंक्शनं गेली, आणि त्यांच्यासाठी नमपाय-फायनान्शियल हे वेगळं पॅकेज निघालं. दहा छोट्या फंक्शनांना एवढे सोपस्कार.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य. दोन प्रतींचा त्रास खरा आहे. कित्येक वर्षं नमपायच्या एफएफटीला फ्लोट32, म्हणजे 32 बिटांचे आकडे, दिले की उत्तर दुप्पट बिटांचं यायचं, सायपायचं नवं एफएफटी मात्र तीच अचूकता राखायचं. नमपाय 2.0 मध्ये, म्हणजे 2024 ला, हे सुधारलं. पण ते दोन्हीकडे आपापल्या जागी पॉकेटएफएफटी हा एफएफटीचा तयार कोड आणून सुधारलं. तिसरं ‘कॉमन’ पॅकेज कोणी काढलं नाही.

ओळी कमी म्हणजे कोड चांगला, या वाक्यावर वेळ घालवत नाही.

राहिली जुनी नावं. नमपाय 1.0 आलं 2006 मध्ये. न्यूमरिक आणि नमअ‍ॅरेच्या कोडसाठी, तो मोडू नये म्हणून ठेवलेली सुसंगततेची मॉड्यूल्स काढून टाकली 1.9 मध्ये, 2014 साली. आठ वर्षं ती सांभाळली. पोस्टकर्त्याच्या हिशेबाने हाही निष्काळजीपणाच असणार.