अक्षर लागेपर्यंत

मोडी लिपीच्या वर्गात पहिल्या रविवारी आम्ही एकही अक्षर काढलं नाही. दीड तास नुसत्या रेघा ओढल्या. मोडीची रीतच तशी आहे. कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत आधी शिरोरेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं टांगत जायचं. बालबोधीत, म्हणजे नेहमीच्या देवनागरीत, आपण शब्द लिहितो आणि वरची रेघ मागाहून देतो, त्यामुळे हाताला हे उलटं वाटतं. सरांनी प्रत्येकाचा बोरू स्वतः तासून दिला होता. माझ्या रेघांच्या कागदावरून बोट फिरवत ते म्हणाले, "ताई, इथून पुढे तुम्ही घाई केलीत." खरंच, नेमकं तिथेच माझ्या मनात घरी जाताना आणायच्या भाजीचा विचार आला होता.

मी एकोणपन्नास वर्षांची आहे. एका खासगी कंपनीत हिशेबाचं काम करते. वर्षापूर्वी मी मोडी शिकायला गेले, ती इतिहासाची ओढ म्हणून नाही. माझं लक्ष पार विस्कटलं होतं, म्हणून गेले. पुस्तकाची चार पानं झाली की पहिल्या पानावर काय होतं ते आठवेना. जेवताना काय जेवले ते हात धुताना सांगता येईना. समोरचा बोलत असायचा आणि माझं उत्तर आतल्या आत तयार होऊन त्याच्या थांबण्याची वाट बघत बसायचं. हे वयामुळे होतंय की कामामुळे, कळत नव्हतं. भीती मात्र वाटायची.

ध्यान करून पाहिलं. डोळे मिटले की आतमध्ये कामांची यादी सुरू. माझ्या वहिनी इगतपुरीला धम्मगिरी या विपश्यना केंद्रात दहा दिवस राहून आल्या. पहाटे चारची घंटा, आर्य मौन, दुपारनंतर जेवण नाही. त्या आल्या त्या खरोखर वेगळ्या होऊन आल्या आणि अजून तशाच आहेत. त्यामुळे मी त्या वाटेला नावं ठेवणार नाही. माझ्या मनाला मात्र नुसत्या श्वासावर बसणं जमेना. त्याला चावायला काहीतरी कठीण हवं होतं. वाचनालयाच्या फळ्यावर मोडी वर्गाची सूचना दिसली आणि रविवारची सकाळ मी तिथे देऊन टाकली.

ज्यांनी मोडी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. यादवांचा मंत्री हेमाडपंत याने तेराव्या शतकात ही लिपी रूढ केली असं परंपरा सांगते, अभ्यासकांचं त्यावर एकमत नाही. शिवकाळात ती राज्यकारभारात रुजली. महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांच्या सुंदर अक्षराची ख्याती होती, आणि 'चिटणिशी वळण' हा शब्द मोडी शिकणाऱ्याच्या कानावर हमखास पडतो. हात न उचलता भराभर लिहिता यावं यासाठीची ही लिपी. शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. पूर्णविराम नाही, स्वल्पविराम नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, त्यामुळे 'दिन' आणि 'दीन' कागदावर एकच, 'सुत' म्हणजे मुलगा आणि 'सूत' म्हणजे धागा हेही एकच. कोणता शब्द ते पुढचं-मागचं पाहून ठरवायचं. छपाई बालबोधीत स्थिरावली, स्वातंत्र्यानंतर शाळांमधून मोडी गेली, आणि आपल्या आजोबांची सही आपल्यालाच वाचता येईना.

पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे हजारो रुमाल आहेत. रुमाल म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा. इतिहासकार वि. का. राजवाडे यांनी 1910 साली ज्याचा पाया घातला त्या भारत इतिहास संशोधक मंडळातही मोडी कागदांचा मोठा साठा आहे. थेट तंजावरला, सरस्वती महाल ग्रंथालयात, मराठी मोडी कागद आहेत. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची किती शोधाशोध झाली ते आपण पाहिलंच.

मोडी वाचणाऱ्यांच्या बोलण्यात एक सुंदर क्रियापद आहे. ते 'मला वाचता आलं' असं क्वचितच म्हणतात. 'अक्षर लागलं', 'ओळ लागली' असं म्हणतात. आपल्याकडे गाण्यात सूर लागतो, झोप लागते, अर्थ लागतो, तसंच. आपण समोर बसायचं, बघत राहायचं. ते लागेल तेव्हा लागेल. तोवर अक्षराच्या जागी टिंबं टिंबं देऊन पुढे जायचं आणि परत यायचं. मला वर्षानुवर्षं कोणीही न शिकवलेली गोष्ट या टिंबांनी शिकवली. 'हे मला अजून कळलेलं नाही' असं लिहून ठेवून शांतपणे पुढची ओळ घ्यायची.

सहाव्या की सातव्या रविवारी सरांनी सरावाला एक कागद दिला, एका पागेच्या खर्चाची यादी. त्यात मधेच मला 'तो बरा' लागलं. फार आनंद झाला. कोणीतरी आजारी असणार, आता बरा आहे, कारकुनाने सहज ते नोंदवलं असणार. मी त्या माणसाची कल्पना केली. त्याचा ताप, त्याची वाट बघणारं घर. मग आधीची दोन अक्षरं मला त्या गोष्टीत बसवता येईनात, तर कारकुनाने तीच चुकीची लिहिली असावीत असं मी ठरवून टाकलं. वर्गात मी हे सगळं वाचून दाखवलं. सरांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "कागद कशाचा आहे?"

पागेचा.

तोबरा होता तो. घोड्याच्या तोंडाला चंदीची पिशवी बांधतात ना, तो तोबरा. आजारी माणूस नव्हताच.

सर म्हणाले, "मनातलं वाचू नका. कागदावरचं वाचा."

त्या दिवशी बसने घरी येताना माझे डोळे भरून आले होते. तोबऱ्यासाठी नाही. मी माणसांनाही असंच वाचत आले होते, हे माझ्या लक्षात आलं. दोन अक्षरं दिसली की गोष्ट रचायची, आणि गोष्टीत न बसणारी अक्षरं त्यांच्याच माथी चूक म्हणून मारायची. नवरा गप्प आहे म्हणजे माझ्यावर रागावलाय. ऑफिसातल्या ज्युनिअरने 'ओके' एवढंच लिहिलं म्हणजे उद्धट आहे. सासूबाईंनी 'आज आमटी वेगळी झालीय' म्हटलं म्हणजे नावं ठेवली. यातलं कागदावर किती होतं आणि माझ्या मनातलं किती, हे मी आयुष्यात कधी तपासलं नव्हतं.

सगळ्यात जास्त मी चुकीचं वाचलं ते माझ्या मुलीला. ती बंगळुरूला नोकरी करते. रोज रात्री फोन. कशी आहेस, ठीक. जेवलीस का, हो. काय झालंय, काही नाही गं. त्या 'काही नाही गं'वर मी काय काय रचलं असेल! कोणी मुलगा असणार, पैसे उडवले असणार, आम्ही नकोसे झालो असणार. आणि जे रचलं त्यालाच मी उत्तरं द्यायचे, तिला नाही. ती फोन लवकर ठेवायची. मग मी त्याचीही गोष्ट रचायचे.

पावसाळ्यातली एक रात्र होती. एका ओळीवर तासभर बसून मी उठले आणि तिचा फोन आला. त्या रात्री मी मुद्दाम काही केलं असं म्हणता येणार नाही. तासभर टिंबं देत बसलेलं मन होतं, तेच फोनपर्यंत आलं. "काही नाही गं," ती म्हणाली आणि मी पुढे काही बोललेच नाही. पलीकडे कुकरची शिट्टी झाली. रात्री सव्वादहाला. मी विचारलं, "आत्ता कुकर लावलायस?" ती म्हणाली, "खिचडी टाकलीय, दुपारचं राहिलं." मग बराच वेळ कोणी बोललं नाही. मला ती शांतता भरून काढायची घाई झाली, रेघेत दिसायची तीच घाई. मी थांबले. मग तिने सांगितलं की दोन महिने तिला ऑफिसात कामच दिलेलं नाही. रोज जाऊन बसते. कधी काढून टाकतील सांगता येत नाही, म्हणून घरी बोलली नाही.

दोन महिने हे कागदावर होतं. तिच्या उशिरा जेवण्यात, तिच्या 'ठीक'मध्ये. मला लागलं नाही, कारण मी बघतच नव्हते.

म्हणून अंतर्मुख होणं, जाणीवपूर्वक जगणं, वर्तमानात राहणं असे शब्द ऐकले की मी आता एक प्रश्न विचारते: कशाकडे बघत? नुसतं स्वतःकडे बघत बसले असते तर माझ्याबद्दलच्या आणखी गोष्टी रचल्या असत्या, मला खात्री आहे. मला स्वतःच्या बाहेरच्या एका अवघड गोष्टीने सुधारलं. तिला माझ्या मूडशी काही देणंघेणं नव्हतं आणि 'तोबरा' मी कितीही प्रेमाने 'तो बरा' वाचला तरी तो तोबराच राहणार होता. कोणाला हे कुंभाराच्या चाकावर मिळेल, कोणाला पक्षी ओळखण्यात, कोणाला पोळी गोल लाटण्यात. पण ती वस्तू तुम्हाला 'चुकलं' असं सांगू शकणारी हवी. जी कधीच चुकलं म्हणत नाही तिच्याकडून माझी वाढ होईल असं मला वाटत नाही.

आणखी एक सांगायलाच हवं. रविवारी सकाळी नऊ ते साडेदहा मी घराबाहेर असते, कारण तेव्हा शहात्तर वर्षांच्या माझ्या सासूबाई स्वयंपाकघर सांभाळतात. मी न सांगता त्यांनी ते उचललं. आपल्या घरांमध्ये एका बाईच्या शांततेची किंमत बहुतेक वेळा दुसरी बाई मोजते. माझ्याकडे येणाऱ्या मावशींना कोणी असा दीड तास देत नाही. त्यांचं लक्ष माझ्यापेक्षा कितीतरी धारदार आहे, दूध उतू जायच्या आत त्या तीन घरांतून वळून आलेल्या असतात, पण ते सगळं दुसऱ्यांसाठी खर्च होतं. 'स्वतःसाठी वेळ काढा' असं लिहिणाऱ्यांनी तो वेळ कोणाच्या खात्यातून निघतो हेही लिहावं, असं मला कळकळीने वाटतं. हिशेबाचं काम करते, म्हणून ही नोंद राहून गेली तर मला चैन पडत नाही. आता शनिवारची संध्याकाळ सासूबाईंची. त्या भजनाला जातात, स्वयंपाक नवरा करतो आणि त्यात कोणी बोलायचं नाही असं ठरलंय.

हल्ली रोज रात्री वीस मिनिटं कित्ता गिरवते. मराठीत अक्षरालाही वळण असतं आणि मुलालाही वळण लावतात, एकाच शब्दाने. पन्नाशीला आलेल्या हातालाही वळण लागतं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहतेय. पहिल्या महिन्यातला कागद आणि कालचा कागद शेजारी ठेवले तर ते एकाच बाईचे वाटत नाहीत. चिडणं गेलेलं नाही. गेल्या मंगळवारीच ऑफिसात एका मेलवर मी तडकाफडकी उत्तर पाठवलं आणि नंतर माफी मागावी लागली. पण माफी त्याच दिवशी मागितली. पूर्वी आठवडा गेला असता.

मुलीला नवं काम मिळालंय. खूश आहे की नाही, अजून मला नीट लागलेलं नाही. विचारत नाही. कुकरची शिट्टी आता साडेआठला ऐकू येते.

सध्या माझ्यासमोर एका खासगी पत्राची झेरॉक्स आहे. 'विनंती उपरी' लागलं, 'बहुत काय लिहिणे' लागलं, मधल्या सगळ्या ओळी लागल्या. पाचव्या ओळीतला एकच शब्द बारा दिवस तसाच आहे. फोटो सोबत टाकलाय. ज्यांना मोडी येतं त्यांना तो कदाचित एका नजरेत लागेल. कृपा करून रविवारपर्यंत सांगू नका.